पांबनहून आलेला दगड

चुनाभट्टी वस्ती, ता. वणी, जि. यवतमाळ
१२ सप्टेंबर

ताई,

तुला, भाऊजींना, आणि पोटातल्याला वेगळा, असे तीन जयभीम.

घाटंजीचा नयन काल सुट्टीवर आला आणि वाटेतच तुझी पिशवी देऊन गेला. भाऊजींसोबत तिकडे पांबनला समुद्रावरच्या नव्या रेल्वे पुलावर वेल्डिंग करतो म्हणाला. तू त्याला आपल्या बाबांची काय भीती घातली आहेस कोण जाणे, बिचारा चहाही न घेता दारातूनच पळाला. शिंपल्यांची माळ आईने गळ्यात घातली, आरशात पाहिलं, काढून डब्यात ठेवली, आणि संध्याकाळी हंसाबाई पीठ मागायला आल्या तेव्हा पुन्हा घातली. पांढरा दगड मी टीव्हीशेजारी मांडला आहे. त्यावरच्या फुलांच्या नक्षीवरून बोट फिरवत बसते.

तू विचारलंस की फोन असताना पत्रं कशाला लिहायला लावतेस. सांगते. तुझा फोन आला की बाबांना उठून बाहेर जावं लागतं. तू गेल्यापासून ही त्यांची रीतच झाली आहे. आता तर रिंग वाजली की आधी चप्पल शोधतात, मग कोणाचा फोन आहे ते विचारतात. पण आईला वाचता येत नाही, म्हणून पत्र मला मोठ्याने वाचावं लागतं, आणि पत्र वाचलं जात असताना माणसाला स्वतःच्या घरात बसून खर्रा घोटता येतो. त्यात कोणाशी बोलल्यासारखं होत नाही.

काल तसंच झालं. बाबा पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून घोटत बसले होते. मी वाचत होते. 'पाचवा महिना लागला' या वाक्यावर घोटणं थांबलं. पुन्हा सुरू झालं, पण फार जोरात. आई रडायला लागली आणि हसायलाही लागली.

पुढचं तू लिहिलेलं वाक्य, 'बाबा स्वतः घ्यायला येणार असतील तरच मी बाळंतपणाला येईन, नाहीतर मला कोणाची गरज नाही', त्याचा पहिला अर्धा भाग मी वाचला. दुसऱ्या भागाच्या वेळी मला खोकला आला. त्याऐवजी मी 'बाबांचा गुडघा कसा आहे' असं वाचलं. तू ते लिहिलं नव्हतंस हे मला माहीत आहे. पुढच्या पत्रात खरंच विचार, म्हणजे मी खोटी ठरणार नाही.

बाबा आईला म्हणाले, "गेली तवा कोणी पोचवून देल्लं होतं तिले? गेली तशी ये म्हणा."

आई म्हणाली, "पयलं बाळंतपण हाये. कोणी घ्याले गेल्याबिगर पोरगी माहेरी येते का?"

"मंग तिनं मले सांगून लग्न केलं असतं."

हे एवढंच आहे ताई. भाऊजी बंजारा आहेत याचं बाबांना काही नाही, ते मी शपथेवर सांगते. "मले सांगितलं असतं तं मीच विहारात लावून देल्लं असतं," असं ते आईला शंभर वेळा म्हणाले आहेत. त्यांना लागलं ते हे की ही बातमी त्यांना भट्टीवर बापूजी मुकादमांच्या तोंडून कळली, सगळ्यांदेखत, हातात फावडं असताना. मी तुझी बाजू घेते हे तुला माहीत आहे. तरी फावड्याचं मला वाईट वाटतं.

सातवा संपायच्या आत तू इथे असावीस असं आईने आणि मी ठरवलं आहे. कसं ते अजून ठरलेलं नाही.

तुझी
साधना

&nbsp;

२८ सप्टेंबर

ताई,

दगड गेला. रागावण्याआधी पूर्ण वाच.

परवा मी वणीहून आले तर टीव्हीशेजारी दगड नाही. आईला विचारलं, ती म्हणाली, "मले काय मालूम, तुह्या बापाले विचार." बाबा अंगणात बसले होते, समोर वाटी, वाटीत चुना. दुधाच्या सायीसारखा पांढरा.

मी म्हटलं, "बाबा, ताईचा दगड कुठे आहे?"

त्यांनी वाटीकडे हनुवटी केली.

"तुम्ही भाजला?"

"पांढरा दगड घरात आला अन् तो जळते कसा ते पाहाले नको? लोखंडी डब्यात घातला अन् भट्टीच्या तोंडाशी ठेवला. काय सांगू तुले, असा फुलला. पाणी टाकलं तं असा फसफसला. कचकच नाई, खडा नाई. पस्तीस वर्सांत असा चुना नाई पाह्यला."

आणि मग, ताई, ते म्हणाले, "खर्ऱ्यात टाकून पाह्यला. जीभ कापत नाई."

चुन्याच्या माणसाकडे दगड पाठवला की असं होणार हे आपल्याला कळायला हवं होतं. सोनाराकडे अंगठी गेली की तो आधी घासूनच पाहणार. मी रागावले होते, पण हसू आवरेना. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, की बाबा, हा साधा दगड नव्हता. समुद्रात प्रवाळ नावाचे जीव असतात, मोहरीपासून वाटाण्याएवढे. पाण्यात विरघळलेला चुना अंगात घेतात आणि स्वतःच्या बुडाखाली त्याची वाटी बांधतात. तो जीव मेला की त्याच्या वाटीवर दुसरा बसतो, तो आपली बांधतो. असं करत करत पाण्याखाली मैलोन्‌मैल भिंत उभी राहते. दगडावरची प्रत्येक फुलाची खूण म्हणजे एका जिवाचं घर होतं. घर म्हणा नाहीतर सांगाडा.

बाबांचं तोंड हलायचं थांबलं. "म्हंजे मी हाडकं खाल्ली?"

"तसंच काहीसं."

ते उठले, मोरीत जाऊन चूळ भरली. मग परत येऊन वाटी झाकून ठेवली. फेकली नाही.

सकाळी भट्टीवर सगळ्यांना कळलं होतं. आईने हंसाबाईंना सांगितलं, पुढचं तू जाणतेस. बापूजी म्हणाले, "मारोती, तू समुद्र खाल्ला लेका. आता पाणी जपून पी, पोटात भरती येईन." दिवसभर बाबांना कोणी नावाने हाक मारली नाही. 'दर्या' म्हणत होते.

रात्री जेवताना ते स्वतःहून बोलले. ताटाकडे पाहून म्हणाले, "तो दगड तिले कुठं भेटला?"

तिले. ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून तुझ्याबद्दल काही विचारलं.

मी सांगितलं, की तुमच्या घरमालकीण अक्कांनी न्हाणीसाठी जुनी भिंत पाडली, तिच्यातला. पूर्वी तिथे घरंच या दगडाची बांधत. तर बाबा म्हणाले, "त्या भिंतीत अजून असतीन."

असतील, पण तू पाठवू नकोस. मी आमच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या उर्वशी मॅडमना विचारलं. प्रवाळ जिवंत असो की मेलेलं, समुद्रातून उचलायला कायद्याने बंदी आहे, वाघाला जसं संरक्षण तसं त्याला. तुझा भिंतीतला होता, तरी पुन्हा नको. शिवाय इथे तो कोणाच्या तोंडात जाईल याचा भरवसा नाही.

तुझी
साधना

&nbsp;

१६ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र पोचलं, गुडघ्याची चौकशीही पोचली. बाबा आईला म्हणाले, "मांगच्या पत्रातबी विचारलं होतं तिनं." मी सुटले.

दरम्यान माझी फजिती झाली, ती ऐक. तुला माहीत आहे मी संध्याकाळी विहारात मुलांचा वर्ग घेते. माझं ठाम मत आहे की या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला आपण कशावर उभे आहोत ते कळलं पाहिजे. आपण पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडतो, भाजतो, विकतो, आणि तो आला कुठून हे कोणी विचारत नाही. म्हणून मी वर्गात फळ्यावर प्रवाळ काढलं आणि सांगितलं, की मुलांनो, आपल्या भट्टीत जाणारा सगळा दगड अशाच प्रवाळाने बांधला आहे. मुलांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर जाऊन फुलं शोधायला लागली. ढीगच्या ढीग उलथेपालथे केले. एकालाही एकही फूल सापडलं नाही. बापूजींनी सगळ्यांना हाकललं आणि बाबांना म्हणाले, "दर्या, तुही पोरगी माह्या भट्टीवर बगीचा पाहून राह्यली."

मी कॉलेजात जाऊन उर्वशी मॅडमना विचारलं. त्या खूप हसल्या, मग पुढच्या रविवारी स्कूटीवरून इथे आल्या. मला म्हणाल्या, पदवी मिळाली म्हणून पाठ्यपुस्तकातला समुद्र उचलून वणीत आणायचा नाही. आपला चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना आहे. इथे समुद्र होता हे खरं, पण त्यात प्रवाळ नव्हतं, मासे नव्हते, शिंपले नव्हते. ती सगळी मंडळी कितीतरी नंतरची.

मी म्हटलं, "मग बांधलं कोणी?"

त्यांनी बाबांना विचारलं, भट्टीत कोणता दगड टाकत नाही. बाबा त्यांना नाल्याकडच्या टाकून दिलेल्या ढिगाकडे घेऊन गेले. तो कोबीचा दगड तुला आठवतो ना, आडव्या चिरलेल्या कोबीसारखे पापुद्रे असलेला? लहानपणी आपण भातुकलीत भाजी म्हणून चिरायचो. त्याच्या पापुद्र्यांत रेती असते, भाजला तरी मधे कच्चा राहतो, म्हणून बाजूला काढतात. मॅडमनी तो पाण्यात बुडवला, उन्हात धरला, आणि मला म्हणाल्या, हे बघ बांधणारे.

उथळ पाण्यात, तळाशी, बुळबुळीत थर पसरायचा. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक जीव, लाखो एकत्र. पाण्यातली चुन्याची भुकटी आणि बारीक गाळ त्या चिकट थराला येऊन चिकटायचा. त्याखाली ऊन पोचेना, म्हणून ते जीव वर सरकायचे आणि नवा थर धरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा वर. एकावर एक. असे गड्ड्यासारखे उंचवटे शेजारी शेजारी वाढत गेले, तीच त्या काळची समुद्रातली भिंत. प्रवाळ आलं ते फार पुढे, काम तेच केलं, रीत वेगळी. या जुन्या गड्ड्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. मुलांनी एका दिवसात शब्द पाठ केला. आई अजून कोबीच म्हणते.

बाबा म्हणाले, "मॅडम, शेवाळानं दगड बांधला असं म्हणता?"

"शेवाळासारख्या थराने, हो."

"अन् तिकडं किडे बांधतेत."

"किडे नाहीत हो, प्रवाळ."

"दोन्ही आपल्या भट्टीत येऊन चुनाच होतेत."

"भिंतीला लावला की हवा पिऊन तो परत दगड होतो, तेही सांगा," मॅडम म्हणाल्या. ते बाबांना माहीत होतं, पण हवा पितो हे माहीत नव्हतं. घरी आल्यावर बराच वेळ सफेदीच्या भिंतीकडे बघत होते.

आता कामाचं. मॅडम गेल्यावर बाबांनी मला पत्र लिहायला बसवलं नाही, पण मी लिहायला बसले तेव्हा ते मागे उभे राहिले. म्हणाले, "तिले विचार, तिकडचा जो अजून पाण्यात हाये तो ओला असताना कसा असते. अन् पाण्याबाहेर आलेला कसा असते. अन् मधला कसा असते."

"मधला म्हणजे?"

"अरे, एकदम थोडी दगड होते. कच्चा, मंग अर्धा, मंग पक्का. मधला पाहाले सांग तिले."

ताई, तुला विनंती आहे, मोठं उत्तर लिही. चार ओळीत उरकू नकोस. दोन पत्रं लागली तरी चालतील.

तुझी
साधना

&nbsp;

८ नोव्हेंबर

ताई,

काय सुंदर लिहिलंस. मी पदवीधर, पण तुझं पत्र वाचून माझ्या पदवीचा तोरा उतरला. तीनदा वाचून दाखवावं लागलं. दुसऱ्या वेळी बापूजी आपणहून येऊन बसले, 'सहज आलो' म्हणाले, आणि 'काचेच्या बुडाची नाव' हा भाग पुन्हा वाचायला लावला. खाली वाकून बघताना उलटी आली आणि तू नाव सोडायला तयार नव्हतीस हे आईला आवडलं नाही. बाबांना आवडलं, पण ते तोंड फिरवून हसले.

जिवंत प्रवाळ तपकिरी, हिरवं, जांभळं, त्याची बारीक तोंडं लाटेबरोबर हलतात. खाली मेलेलं पांढरं. लाटांनी मोडलेले तुकडे आणि शिंपले फटीत बसलेले, त्यावर रेती. आणि गुलाबी साल चढून सगळं एकमेकांना चिकटलेलं. आणि मग ओहोटीला अक्कांचा हात धरून तू किनाऱ्यावर गेलीस, तिथे समुद्र खाली सरकल्यामुळे काही हजार वर्षांपूर्वीची भिंत उघडी पडली आहे. राखाडी, पायाला बोचणारी, पण फुलं अजून ओळखू येतात. मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बहिणीला मधला दगड सापडला. अजून माती-गाळाखाली दबला, पावसाच्या आणि समुद्राच्या पाण्यातला चुना त्याच्या भोकांत भरला, की फुलं पुसली जातील आणि चुनखडक होईल. फक्त ते बघायला आपल्यापैकी कोणी नसेल.

तू लिहिलंस की बाबांसाठी म्हणून त्यावर दगड आपटून पाहिला, आवाज 'टण' आला नाही, 'ठक' आला. इथे बाबा मधेच म्हणाले, "ठक म्हंजे कच्चा. अजून भोकं भरली नाईत."

थोड्या वेळाने, "पण कुठं आपटला? कडेले आपटला असन तं ठकच येईन."

मग, "तिले काय समजते."

मग, "लिहून कळत नाई हे. हाताखाली पाह्यजे."

मी पत्राची घडी घालत म्हटलं, "मग बघून या."

"काम सोडून?"

भट्टी पुढच्या आठवड्यात विझवणार आहेत, आतल्या विटा बदलायला. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि बापूजी तर समोरच बसले होते. बापूजी म्हणाले, "जा ना. इथं थंड भट्टीसमोर बसून काय करतं?"

"एवढ्या दूर, दगडासाठी?"

"दगडच पाहाले जातं ना तू," बापूजी म्हणाले. "सातवा महिना लागलेला दगड."

मला वाटलं झालं, आता बाबा उठून चप्पल शोधणार. ते उठले. पण ते आत गेले आणि फडताळावरची जुनी पिशवी काढून झटकायला लागले. "तुमी कोळशाचं पाहा," एवढंच बापूजींना म्हणाले.

मी अजून काही ठरलं असं समजत नाहीये. ते तिथे येतील, दगड बघतील, तुझ्या हातचा चहा पितील आणि दुसऱ्या दिवशी एकटेच परत निघतील असंही होऊ शकतं. आई म्हणते तसंच होणार, तो माणूस कधी सरळ बोलला आहे का. 'मी घ्यायला जातो' असं त्यांनी अजून एकदाही म्हटलेलं नाही, आणि तू त्याशिवाय निघणार नाहीस. तुम्ही दोघं कोणत्या दगडाचे आहात ते मॅडमना विचारायला हवं.

तुझी
साधना

&nbsp;

१५ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, बाबांच्या आधी पोचावं म्हणून. ते बल्लारशाहहून बसतील, चेन्नईला गाडी बदलून मंडपमला उतरतील. नवा पूल होईपर्यंत रेल्वे तिथवरच आहे हे नयनने सांगितलं. भाऊजींना स्टेशनवर पाठव. त्यांना सांग, बाबांची पिशवी उचलायला झटू नका, थोडा वेळ ते देणार नाहीत, मग देतील.

पिशवीत आईने जवसाची चटणी, वाळवलेली अंबाडी, सांडगे आणि ज्वारीचं पीठ भरलं आहे. तिथे भात आणि मासळीच मिळते असं तू लिहिलंस, तेव्हापासून तिला झोप नाही. बाबांनी आपली दगड ठोकायची लहान हातोडी घेतली आहे. पाण्यातल्या जिवंत भिंतीला ती लावू देऊ नकोस, किनाऱ्यावरच्यालाही नको, मी बजावलं आहे, पण तू हातातून काढून घे. अक्कांच्या पाडलेल्या भिंतीवर काय ठोकायचं ते ठोकू दे. दगडावर फेस येतो का बघायला त्यांना मॅडमकडचं ॲसिड न्यायचं होतं. रेल्वेत चालत नाही म्हटल्यावर लिंबं घेतली. लिंबाने अगदी बारीक बुडबुडे येतात. कान लावून बसतील, तू हसू नकोस.

आल्यावर ते म्हणतील, दगड पाहायला आलो. तूही हो म्हण. आधी किनाऱ्यावर ने.

तिकिटं काढायला काल आम्ही दोघं वणीला रवीच्या दुकानात गेलो. मीच बाबांना संगणकासमोर बसवलं. रवीने जायचं तिकीट काढलं, एक माणूस, मारोती, वय अमुक. मग विचारलं, "काका, परतीचं?"

बाबा रस्त्यावरच्या ट्रककडे बघत होते.

"तीन," बाबा म्हणाले.

रवीने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"त्यातला एक खालचा पाहाजो बाप्पा," बाबा म्हणाले. "आंगानं जड बाई वर कशी चढन."

रवीने तुझं नाव घातलं, वय मी सांगितलं. मग तिसरं नाव विचारलं. मी बाबांकडे न बघता म्हटलं, "अमरसिंग राठोड."

"वय?"

आता भाऊजींचं वय मला खरंच माहीत नाही ताई. कधी विचारलंच नाही. मी फोन काढला, तुला विचारावं म्हणून.

"एकोणतीस लिही," बाबा म्हणाले. "जानेवारीत तीस लागन."

तुझी
साधना